कायमचा पत्ता

सरकारी फॉर्मात दोन रकाने हमखास असतात: सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता. पहिल्यात मी पुण्याचा फ्लॅट लिहिते, दुसऱ्यात सातारा जिल्ह्यातलं गाव, जिथे आता वर्षातून दोनदा जाणं होतं. यातला खरा कोणता, हे मला कुणी विचारत नाही. सर्व्हरच्या बाबतीत मात्र हाच प्रश्न गेली सतरा वर्षं माझ्यासमोर रोज येतो आणि उत्तर चुकलं की रात्री फोन वाजतो.

माझं काम थोडक्यात असं. नवा सर्व्हर रॅकमध्ये बसतो, केबल लागते, बटण दाबलं जातं. पुढचं सगळं आपोआप. मशीन नेटवर्कवर हाक मारतं, त्याला पत्ता मिळतो, इन्स्टॉलर मिळतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत ते कामाला उभं राहतं. पूर्वी एवढ्यासाठी मी दिवसभर कीबोर्ड-मॉनिटरची ट्रॉली ढकलत फिरायचे. ऑटोमेशन आलं तेव्हा वाटलं, सुटलो. पत्त्याचा भाग तर मी एका ओळीत उरकला होता. त्या एका ओळीने जे शिकवलं ते लिहितेय. क्रमाला फारसा अर्थ नाही, आठवलं तसं.

१. पत्ता देणं सोपं, तोच पत्ता पुन्हा देणं अवघड. हे काम करणारी डीएचसीपी नावाची व्यवस्था मुळात भाडेकरूंसाठी आहे. तिचा आजही चालणारा नियम १९९७ सालचा, आरएफसी २१३१. मशीन ओरडतं, "कोणी आहे का?" सर्व्हर म्हणतो, "ही खोली मोकळी आहे." मशीन म्हणतं, "घेतली." सर्व्हर म्हणतो, "दिली." मुदत ठरते, आणि निम्मी सरली की मशीन आपणहून वाढवून मागायला जातं. लॅपटॉपला, फोनला एवढं पुरतं, उद्या दुसरी खोली मिळाली तरी त्यांचं काही अडत नाही. डेटाबेस सर्व्हरचं अडतं. त्याचा पत्ता चाळीस ठिकाणी लिहून ठेवलेला असतो आणि त्यातली पस्तीस ठिकाणं कुणालाच ठाऊक नसतात. म्हणून रिझर्व्हेशन: अमुक मॅक ॲड्रेस (नेटवर्कच्या पोर्टचा स्वतःचा क्रमांक) दिसला की अमुकच पत्ता द्यायचा. मी तशी यादी केली आणि खूश झाले. माझे बाबा तलाठी होते. त्यांना फोनवर हे कौतुकाने सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे वहिवाट त्याची आणि नोंद तुझ्याकडे. मग भांडणं होणार." मी हसण्यावारी नेलं.

२. मशीनला एकच ओळख असते, हा माझा भाबडेपणा होता. २०१८ साली आम्ही उबुंटू १८.०४ वर आलो. मी स्वतः एक आदर्श व्हर्च्युअल मशीन घडवलं, सगळे पॅचेस, सगळी सेटिंग्ज घालून, आणि त्याचा साचा केला. गणपतीत मोदकांचा असतो ना, तसा. पहिल्या दिवशी सहा मशिनं काढली. रिझर्व्हेशन नंतर करू, आधी उभी तर राहू देत, म्हणून ती मोकळ्या पूलमध्येच सोडली. सहाही उभी राहिली. लॉगइन केलं, एक फाईल बनवली, कनेक्शन तुटलं. पुन्हा शिरले, तर फाईल नाही. दुसरी बनवली. पुन्हा तुटलं, पुन्हा शिरले, तर आता पहिली फाईल हजर आणि दुसरी गायब. रात्रीचे सव्वाबारा. मी आधी डिस्कवर संशय घेतला, मग स्टोरेजवाल्यांवर, मग (खोटं कशाला सांगू) स्वतःच्या झोपेवर. दीड वाजता डीएचसीपीची यादी उघडली. मशिनं सहा आणि पत्ता एकच.

झालं होतं असं, की उबुंटूच्या त्या आवृत्तीत नेटवर्क सांभाळणारा भाग ओळख म्हणून मॅक ॲड्रेस दाखवतच नव्हता. मशीन-आयडी नावाची एक छोटी फाईल असते, तिच्यावरून काढलेला आकडा तो दाखवत होता. फाईल साच्यातच राहिलेली, म्हणून सहाही मोदकांवर तोच ठसा. मॅक सहांचे सहा वेगळे, पण ते बघतंय कोण! डीएचसीपीच्या लेखी एकच गिऱ्हाईक सहा वेळा आलं होतं आणि त्याने इमानेइतबारे सहाही वेळा तीच किल्ली दिली. बरं, समोरचं मशीन बदललं की एसएसएच एरवी आकाशपाताळ एक करतं. त्या रात्री ते गप्प होतं, कारण मशीनची ओळख पटवणाऱ्या एसएसएचच्या होस्ट-कीसुद्धा मी साच्यातच ठेवल्या होत्या. माझ्या एका चुकीवर माझ्याच दुसऱ्या चुकीने पांघरूण घातलेलं. इलाज दोन ओळींचा निघाला: साचा बंद करण्याआधी मशीन-आयडीची फाईल रिकामी करायची आणि होस्ट-की पुसून प्रत्येक मशीनला पहिल्या बूटला नव्या बनवायला लावायच्या. शिवाय नेटप्लॅनमध्ये, म्हणजे उबुंटूच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये, ओळख मॅकचीच दाखव, असंही सांगता येतं. आम्ही तिन्ही करतो. दुधाने तोंड पोळलेली माणसं आहोत.

३. त्याच मशीनला एका दिवसात दोन पत्ते मिळू शकतात, आणि यात कुणाचाच दोष नसतो. इन्स्टॉलर मागताना मशीनचा पीएक्सईवाला, म्हणजे नेटवर्कवरून बूट करणारा, भाग बोलत असतो, लिनक्स चढल्यावर लिनक्स बोलतं. दोघं आपली ओळख वेगवेगळी सांगतात. माहेरचं नाव आणि सासरचं नाव असं म्हणा. बँकेत या भानगडीत अडकलेल्या बायकांना यापुढचं काही समजावून सांगायला नको.

४. मशीन म्हणजे नक्की कोण, हे मला एका मदरबोर्डने विचारलं. जुलैचा धो धो पाऊस, ऐरोलीचं डेटा सेंटर, रात्री अकराला दुरुस्तीचा माणूस भिजत आलेला. एका सर्व्हरचा मदरबोर्ड गेला होता, तो त्याने बदलला आणि फोन केला, "मॅडम, झालं बघा, लाईट हिरवी आहे." डबा तोच, डिस्क त्याच, पट्टीवरचं नाव तेच. पण नेटवर्कची पोर्ट मदरबोर्डवर असतात, म्हणजे मॅक ॲड्रेस नवा. आमच्या यंत्रणेच्या दृष्टीने दारात एक परका उभा होता. परक्याचं काय करायचं, हे मीच लिहून ठेवलं होतं: थांबायचं नाही, विचारायचं नाही, सरळ इन्स्टॉल. मोठ्या दिमाखाने त्याला मी 'झिरो टच' म्हणत असे. मशीन आधी नेटवर्कवरून बूट व्हायचं, तसं ते झालं आणि बावीस मिनिटांनी कोरं करकरीत, आंघोळ करून आल्यासारखं उभं राहिलं. त्यावरचा तीन वर्षांचा डेटा गेला. डेटाचा बॅकअप होता, अब्रूचा नव्हता.

तेव्हापासून अनोळखी मशीन आलं की आम्ही त्याला ओसरीवर बसवतो. पत्ता मिळतो तो तात्पुरता, यादीत नाव लागतं आणि बस्स. माजघरात घ्यायचं की नाही ते माणूस ठरवतो. ओळखही आता मॅकवर नाही, डब्याच्या सिरियल नंबरवर. मॅक बदलला तर रीतसर फेरफार नोंदवायचा, जुना खोडून नवा. हेही फार ग्वाही देऊन सांगत नाही, कारण सिरियल नंबरही मदरबोर्डमध्येच लिहिलेला असतो आणि दुरुस्तीवाला तो पुन्हा भरायला विसरू शकतो. चाचणीसाठी घेतलेल्या स्वस्त मशिनांचं तर विचारूच नका. अकरा मशिनं आणली, अकरांचाही सिरियल नंबर एकच: 'टू बी फिल्ड बाय ओईएम.' कारखान्यात भरायचा रकाना कुणी भरलाच नव्हता. यंत्रणेने अकरांना मिळून एक मानलं. मला ते सहा मोदक आठवले.

५. एक्सेलची लाज वाटण्याचं कारण नाही, लाज वाटावी ती दुसऱ्याच गोष्टीची. आमची सगळी पत्तेवारी पहिली काही वर्षं एका एक्सेलमध्ये होती. फाईलचं नाव 'आयपी मास्टर फायनल नवीन २'. मोकळे हिरव्यात, दिलेले लालमध्ये, आणि एक ओळ पिवळी: १०.२०.४.३७, शेरा 'देऊ नये.' कुणी लिहिलं, कधी, का, काही नाही. पण फाईल ठेवणारे आम्ही एकटे नव्हतो. एके काळी इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अख्ख्या अर्पानेटची नावं-पत्तेसुद्धा एकाच मजकुराच्या फाईलमध्ये होते. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला एसआरआय संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती फाईल सांभाळायचा आणि बाकीच्यांनी तिची प्रत उतरवून घ्यायची. १९८३ मध्ये नावावरून पत्ता सांगणारं डीएनएस आलं ते ही फाईल हाताबाहेर चालली म्हणून. म्हणजे फाईल ठेवणं हा गुन्हा नाही.

आमचा गुन्हा वेगळा होता. एक्सेल एक सांगायचं, डीएचसीपीची कॉन्फिग दुसरं, सर्व्हर उभारणाऱ्या टेराफॉर्मची स्टेट फाईल तिसरं आणि मशीनवर जाऊन पाहावं तर चौथंच. चौघांत खरं कोण, हे आम्ही कधी ठरवलंच नव्हतं. ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं. नंतर पत्त्यांची नोंद ठेवणारं नेटबॉक्स आणलं (२०१६ पासून ते सगळ्यांना खुलं आहे) आणि ठरवलं: सातबारा हाच, बाकी सगळ्या याच्या नकला. डीएचसीपीची यादीही यातूनच तयार होते, हाताने कुणी काही घालायचं नाही. सॉफ्टवेअर बसवायला दोन दिवस लागले. हाताने न घालण्याची सवय लागायला दीड वर्ष. सर्वात जास्त वेळा नियम कुणी मोडला ते विचारू नका.

६. हाक मारली आणि कुणी ओ दिली नाही, म्हणजे घर रिकामं असतं असं नाही. मोकळा पत्ता शोधायची माझी पहिली स्क्रिप्ट एकेका पत्त्याला पिंग करायची. उत्तर आलं नाही की तो मोकळा. एका शनिवारी एक सर्व्हर देखभालीसाठी बंद होता, त्याचा पत्ता तिने दुसऱ्याला देऊन टाकला. सोमवारी मूळ मालक घरी आला. बाकीचं तुम्ही कल्पना करा. फायरवॉलमागे बसून मुद्दाम ओ न देणारी मशिनंही असतात, आमच्या सोसायटीतल्या काही सभासदांसारखी.

पिंग सोडून नोंदीवर विसंबायला लागले, तर नवाच घोळ. एकाच वेळी दोन स्क्रिप्ट चालल्या, दोघींनी 'पुढचा मोकळा कोणता' असं विचारलं, दोघींना एकच उत्तर मिळालं, दोघींनी तो घेतला. एसटीत जागा कशी धरतात ते आठवलं. आधी जागा बघून मग दारातून आत चढणारा नेहमी उभ्याने जातो, खिडकीतून रुमाल टाकणाऱ्याचं बघणं आणि धरणं एकाच हालचालीत होतं. आता आमची स्क्रिप्ट मोकळा पत्ता विचारत नाही, मागते. नेटबॉक्स तो नावावर करूनच हातात ठेवतं. गर्दीच्या गाड्यांतून कॉलेजला गेलेल्या मुलीला हे सुचायला इतकी वर्षं का लागली, कोण जाणे.

७. पत्ता मोकळा झाला तरी त्याच्यावरचे हक्क मोकळे होत नाहीत. हा धडा मला सर्वात उशिरा आणि सर्वात थंड घाम फोडून मिळाला. पगाराच्या कामाचा एक जुना सर्व्हर आम्ही निवृत्त केला. स्क्रिप्टने त्याचा पत्ता पूलमध्ये परत टाकला. पंधरा मिनिटांनी तोच पत्ता टेस्टिंगच्या एका मशीनला मिळाला. चार दिवसांनी टेस्टिंगमधला मुलगा निरागसपणे विचारायला आला, "मॅडम, पगाराचा डेटाबेस आम्हाला उघडा असायला हवा का?" फायरवॉल माणसं ओळखत नाही, पत्ते ओळखते. जुन्या मालकाला दिलेली वाट नव्याला आपोआप मिळाली होती. वाईट काही घडलं नाही, कारण मुलगा सरळ होता. आमच्या व्यवस्थेच्या सरळपणाचा त्यात वाटा शून्य.

बाबांना सांगितलं तर ते आश्चर्यचकित वगैरे झाले नाहीत. म्हणाले, "मयत खातेदाराचं नाव कमी केल्याशिवाय पुढची नोंद घेत नाहीत, एवढं साधं." आता सर्व्हर गेला की आधी फायरवॉलमधली, डीएनएसमधली, मॉनिटरिंगमधली त्याची नावं निघतात आणि मग पत्ता तेरा दिवस तसाच पडून राहतो. टीममध्ये याला सुतक म्हणतात. तेरा हा आकडा कुठल्या पुस्तकातून आला, असं एका बाहेरच्या ऑडिटरने विचारलं होतं. मी 'अंतर्गत धोरण' असं सांगितलं.

८. क्लाऊडवर गेलं की पत्त्याची कटकट सुटते, असं मला वाटलं होतं. सुटत नाही, महाग होते. एका ग्राहकाने आमच्या एका सार्वजनिक पत्त्याला त्यांच्या फायरवॉलमध्ये परवानगी दिली होती. मी टेराफॉर्ममध्ये त्या सर्व्हरची इमेज बदलली. टेराफॉर्मने प्लॅनमध्ये स्वच्छ सांगितलं होतं की जुना पाडून नवा बांधतोय. मी ते वाचलं आणि 'येस' टाईप केलं. नवा सर्व्हर नव्या पत्त्यावर उठला. जुना पत्ता ॲमेझॉनच्या महासागरात परत गेला आणि तो मागून मिळत नाही. ग्राहकाकडे नवा पत्ता मंजूर व्हायला तीन आठवडे लागले. तीन आठवडे रोज सकाळी त्यांना नम्र मेल लिहिणं ही शिक्षा मी स्वतःलाच दिली.

मग कळलं की पत्ता हा सर्व्हरचा अवयव समजायचाच नाही. त्याला स्वतंत्र जन्म द्यायचा, वेगळ्या फाईलमध्ये ठेवायचा, पाडण्यावर बंदी घालायची. सर्व्हर येतील जातील, पत्ता आज याला जोडा, उद्या त्याला. हे इतकं पटलं की मी सगळीकडे राखीव पत्ते घेत सुटले. फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉनने प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला, वापरात असो वा नसो, ताशी अर्धा सेंट लावला. महिन्याला पत्त्यामागे साडेतीन डॉलरच्या वर. अकाउंट्समधल्या काकांनी यादी मागवली. माझ्या नावावर अशी बरीच रिकामी घरं निघाली, ज्यांत कुणीच राहत नव्हतं.

९. पत्ते वाटणाऱ्यालाही पत्ता लागतो. आमचा डीएचसीपी सर्व्हर व्हर्च्युअल मशीन होता. तो ज्या मशिनांवर राहायचा, ती सुरू होताना त्याच्याकडेच पत्ता मागायची. रोजच्या दिवसात हे कुणाच्या लक्षात येत नाही. एका रविवारी यूपीएसने दगा दिला आणि सर्व्हर रूममधलं सगळं एकदमच बंद होऊन एकदमच चालू झालं. सगळे एकमेकांची वाट बघत उभे, 'आधी आपण' म्हणणाऱ्या पाहुण्यांसारखे. आता सात मशिनांचे पत्ते हाताने लिहिलेले आहेत आणि त्यांची यादी लॅमिनेट करून रॅकच्या दाराला आतून चिकटवलीय. ऑटोमेशनवर भाषणं ठोकणाऱ्या बाईच्या रॅकमध्ये लॅमिनेट केलेला कागद! येणारे-जाणारे बघतात. बघू देत.

१०. एवढं सगळं करून झाल्यावर मी मोजायला बसले, की कायमचा पत्ता खरंच लागतो कुणाला. साडेचारशे मशिनांपैकी साठएक निघाली. डेटाबेस, डीएनएस, लायसन्सचे दोन सर्व्हर, बाहेरच्यांनी परवानगी दिलेले काही, अशी. बाकीच्यांना नाव पुरतं. नाव डीएनएसमध्ये राहील, पत्ता हवा तो असो. इतकी वर्षं मी बाकीच्यांसाठी ज्या राती जागवल्या, त्या कुणीतरी कधीतरी प्रोग्रॅममध्ये नावाऐवजी थेट आकडे लिहिले म्हणून. शोध घेतला तेव्हा त्यातल्या तीन फाईलींवर माझीच आद्याक्षरं होती, साल २०११.

ती पिवळी ओळ मात्र अजून आहे. १०.२०.४.३७, शेरा 'देऊ नये', एक्सेलमधून नेटबॉक्समध्ये जशीच्या तशी आली. यंदा दिवाळीच्या सुट्टीत ऑफिस शांत होतं, म्हणून त्या नेटवर्कवर टीसीपीडम्प लावून ऐकत बसले. त्या पत्त्यावर कुठलंच मशीन नाही. तरी दर पाच मिनिटांनी राउटर एकदा विचारतो, ३७ कोण आहे? म्हणजे राउटरच्या पलीकडून कुणीतरी त्याला अजून हाक मारतंय. उत्तर कुणी देत नाही, आणि शेरा मी काढलेला नाही.